उमरपाणी प्रारूप

“पावरा मॅडम, मूल्यांकन समितीसमोर प्रारूप तुम्हीच मांडायचं,” निफाडकर सर म्हणाले. “मी मांडलं तर ते नुसतं संशोधन. तुम्ही मांडलंत तर तो जिवंत पुरावा.”

मी उभी होते. प्राचार्यांच्या केबिनमध्ये टेबलासमोर दोन खुर्च्या असत. एकीवर कायम फायली बसलेल्या असत आणि दुसरीवर ‘बसा’ म्हणायला सर विसरत. सामाजिक न्यायावर तीन पुस्तकं लिहिलेल्या माणसाला एवढं विसरायची मुभा असावी.

“सर, पण मी...”

“घाबरता काय? स्लाइड्स माझ्याच आहेत. तुम्ही फक्त ते चांदीचे दागिने वगैरे घालून उभ्या राहा. आणि चार-पाच दिवस आधी गावी जाऊन लोक जागेवर असतील एवढं बघा. समितीला प्रात्यक्षिक दाखवायचंय.” मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीवरच्या फोटोकडे प्रेमाने पाहिलं. “तुमचा अहवालही मला जूनमध्येच पाठवायचाय, नाही का?”

हे त्यांनी सहज विचारलं, आणि सहज विचारलेलंच जास्त लागतं. माझी दोन वर्षांची परिवीक्षा जूनमध्ये संपत होती. मला कायम करायचं की घरी पाठवायचं हे एका पानाच्या अहवालावर ठरणार होतं आणि ते पान सर लिहिणार होते. आमच्या पाड्यावरून कॉलेजात शिकवायला गेलेली मी पहिलीच. घरी पाठवलं असतं तर बहुधा शेवटचीही ठरले असते.

फोटो काळा-पांढरा होता. एका झोपडीच्या छपरावर दहा-बारा माणसं, खाली वीसेक, आणि पुढे मधोमध गळ्यात शिट्टी अडकवून हात उंचावलेला एक तरुण. तो तरुण म्हणजे सर, वय वर्षे तेवीस. उजव्या कोपऱ्यात अर्धी कापली गेलेली, नाक गळणारी चार वर्षांची पोरगी म्हणजे मी. ती झोपडी आमची होती.

प्रारूप काय, ते सांगते. एप्रिल १९९१ मध्ये सर समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला असताना सातपुड्यातल्या आमच्या उमरपाणी पाड्यावर उन्हाळी शिबिराला आले. एका विधवेचं घर पडायला आलंय असं त्यांनी पाहिलं. त्यांचं काळीज हललं. संध्याकाळी त्यांनी महूच्या झाडाखाली लोकांना गोळा करून श्रमदानावर पाऊण तास भाषण केलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तीस माणसं त्या विधवेच्या दारात हजर झाली आणि दिवस मावळायच्या आत घर नव्याने उभं राहिलं. मजुरी कोणी मागितली नाही. शतकानुशतकं झोपलेला समाज पाऊण तासात जागा झाला. ह्या जाग येण्यावर सरांची पीएच.डी. झाली, मग पुस्तक झालं, मग त्याचं इंग्रजी झालं. वीसेक वर्षं आमच्या महाविद्यालयात ‘उमरपाणी प्रारूप’ पंधरा गुणांना विचारलं जात होतं. त्यात तीन ‘ज’ होते : जाणीव, जागृती आणि जोडणी. तीन चौकोन आणि दोन बाण काढले की बारा गुण कुठे जात नसत.

ती विधवा म्हणजे माझी आई, रायकीबाई.

नोकरी लागली त्या वर्षी मी ते पुस्तक घरी नेलं होतं. आईला वाचता येत नाही, पण मुखपृष्ठावर तोच फोटो होता. तिने तो उजेडात धरून पाहिला.

“हा शिट्टीवाला? ह्याने पुस्तक लिहिलं? कशावर?”

“तुझं घर त्याच्या भाषणामुळे झालं, त्याच्यावर.”

आई माझ्याकडे बघत राहिली. “लाह तर मी सोमवारीच सांगितली होती,” ती म्हणाली. “हा बुधवारी आला.”

आमच्याकडे लाह असते. ज्याचं काम अडलं, त्याने तीन-चार दिवस आधी घरोघर सांगायचं की अमक्या दिवशी माझ्याकडे लाह आहे. त्या दिवशी घरटी एक माणूस येतं आणि काम उरकतं. ज्याचं काम, तो सगळ्यांना जेवू घालतो आणि पुढे ज्या घरी लाह असेल तिथे तो जातो. घर शाकारणं असो की शेत निंदणं, असंच चालतं. हे कोणी सुरू केलं ते कोणालाच माहीत नाही, कारण सुरू करणाऱ्याने पुस्तक लिहिलं नाही.

माझे वडील त्याच साली गेले होते. म्हणून आईने लाह सांगितली. लाहच्या आदल्या संध्याकाळी शिट्टी वाजवत एक पोरगेला मास्तर आला आणि महूखाली उभं राहून शुद्ध मराठीत बोलू लागला. मराठी कळणारे पाड्यावर एकटे दित्याकाका होते. ते ऊसतोडीला जाऊन आले होते. पाऊण तास ऐकून त्यांनी सगळ्यांना पावरीत, आमच्या बोलीत, सांगितलं, “तो म्हणतोय, उद्या रायकीच्या घराचं काम करा.” लोक म्हणाले, “करणारच आहोत. लाह आहे ना.” आणि पाहुण्याचा मान राखावा म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या. ह्या माना पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात आहेत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते हे आपण सगळेच जाणतो, पण त्या कावळ्याने पुढे फांद्या मोडण्याच्या शास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

मी हे सरांना सांगितलं नव्हतं असं नाही. पहिल्याच वर्षी लाहवर अकरा पानांचा निबंध लिहून महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी त्यांच्याकडे दिला होता. चार दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. पानांच्या कडेला लाल पेन्सिलीने जागोजागी एकच शब्द होता : संदर्भ?

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“माझ्या आईने, सर.”

“आई हा संदर्भ होत नाही, मॅडम. प्रकाशनाचं वर्ष द्यावं लागतं.” मग आवाज मऊ करून ते म्हणाले, “तुमची अडचण मला समजते. तुम्ही आतल्या आहात. आतल्या माणसाला तटस्थ राहता येत नाही. उमरपाणीवर आजवर प्रकाशित झालेला एकच ग्रंथ आहे, त्याच्याशी ताडून बघा आणि मग मला दाखवा.”

तो ग्रंथ अर्थातच त्यांचा होता. मी ताडून पाहिला. प्रस्तावनेत लिहिलं होतं की लेखकाला स्थानिक भाषा अवगत नसल्यामुळे निरीक्षणात संपूर्ण तटस्थता राखता आली.

कॉलेजात माझं बरं चाललं होतं, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. ‘आदिवासी समुदाय आणि समाजकार्य’ हा पेपर सर स्वतः घेत, मला ‘संगणक परिचय’ दिला होता. तालुक्याच्या संमेलनात ‘पारंपरिक नृत्य’ असं कुठे दिसलं की समितीत माझं नाव आपोआप जाई, मला नाचता येतं का हे कोणी विचारत नसे. डोंगरातून शिकायला आलेल्या पोरांचं पोट दुखलं, वसतिगृह बंद झालं, शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, तरी “पावरा मॅडमकडे जा”. त्या पोरांचं करायला मला आवडे, पण त्याला कामाचे तास म्हणत नसत, आपुलकी म्हणत. देवरे मॅडम डबा खाताना म्हणायच्या, “तुमचं काय बाई, तुमची जागा राखीव.” त्यांची जागा त्यांच्या काकांनी राखली होती, पण ती वेगळी गोष्ट.

तर एप्रिलात मी गावी गेले.

आई अंगणात मक्याचे दाणे निवडत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, “लाह सांग.”

“कशाची?”

“घराची. छपराची.”

आईने वर पाहिलं, मग मीही पाहिलं. गेल्याच वर्षी घातलेली कौलं ओळीत होती. एकही हललं नव्हतं.

“ह्याला काय झालंय?”

“काही नाही. उतरवायची आणि परत घालायची.”

आईने दाण्यांतला हात थांबवला. मी तिला सगळं सांगितलं. समिती येणार, सर भाषण करणार, दुसऱ्या दिवशी लोक आले पाहिजेत, फोटोत छप्पर पाहिजे, आणि हे नीट पार पडलं तर जूनमध्ये मी कायम होणार. पडलं नाही तर काय, ते मी सांगितलं नाही. ते तिला न सांगता कळलं.

“म्हणजे घर धड आहे आणि नोकरी गळतेय,” ती म्हणाली.

“हो.”

“मग तसंच सांगते. लाह खोटं सांगून बोलवत नाहीत.”

आणि ती खरंच तसं सांगत घरोघर फिरली. रमिलाची, म्हणजे माझी, नोकरी पक्की व्हायचीय, तिच्यासाठी लाह आहे, काम एवढंच की धड छप्पर उतरवून परत घालायचं. मी तिच्या मागे लाजत फिरत होते. लोक पोट धरधरून हसले. दित्याकाका आता सत्तरीला आले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“पोरी, एवढं शिकून ही नोकरी?”

“हो, काका.”

“परत घालायचं ना नक्की? सरकारी काम आहे. आमच्या रस्त्यासारखं खोदून ठेवायचे.”

“परत घालायचं.”

“मग येतो,” ते म्हणाले. “तुझ्यासाठी येतो.” आणि पाड्यावरचं प्रत्येक घर हेच म्हणालं.

समिती आली. तिघं जण होते. अध्यक्षा डॉ. नलिनी मेनन दूर दक्षिणेतून आलेल्या, पिकल्या केसांच्या आणि डोळ्यांत खरं कुतूहल असलेल्या बाई होत्या. मराठी त्यांना येत नव्हती, हिंदी बेताची होती. सरांनी गळ्यात शिट्टी घातली होती. सत्तावीस वर्षांपूर्वीचीच आहे, जपून ठेवलीय, असं त्यांनी वाटेत तिघांनाही वेगवेगळं सांगितलं.

संध्याकाळी महूखाली माणसं जमली. सरांनी तेच भाषण केलं. श्रम हीच पूजा, एकीचं बळ, एका काडीची मोळी होत नाही. मोळ्या डोक्यावरून वाहून आणणाऱ्या बायका समोर मन लावून ऐकत होत्या. मी चांदीचे दागिने घालून शेजारी उभी होते आणि पावरीत सांगत होते. सर दहा वाक्यं बोलले की मी म्हणायची, “तो म्हणतोय, उद्या या.” लोक म्हणायचे, “येतो ना, किती वेळा सांगशील?” आणि माना हलवायचे. मेनन बाईंनी वहीत काहीतरी लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

उजाडताच सगळे आले. छपरावर चढणाऱ्यांनी कौलं काढून खाली दिली, खालच्यांनी ती ओळीने मांडली. अधूनमधून सर शिट्टी फुंकत. शिट्टी वाजली की माणसं हातातलं काम टाकून काय झालं म्हणून बघत, त्यामुळे दुपारपर्यंत व्हायचं काम तास-दीड तास लांबलं. दित्याकाकांना म्हातारे म्हणून चढू देत नव्हते, पण फोटोग्राफरला त्यांचा चेहरा आवडला. त्यांना शिडीवर उभं करून हातात एक कौल दिलं.

“रमिला,” थोड्या वेळाने वरून आवाज आला, “ह्याला विचार, हे कौल ठेवायचं आहे की नुसतं धरायचं आहे?”

“धरायचं आहे, काका. अजून थोडं.”

“ह्यापेक्षा घाम गाळायची लाह बरी,” ते म्हणाले आणि सगळे हसले. मेनन बाईही हसल्या. काय म्हणाले म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा सर म्हणाले, “श्रम का आनंद है, मॅडम.”

तोवर मलाही ह्या सगळ्याची गंमत वाटत होती हे कबूल करायला हवं. आपलीच माणसं, आपणच रचलेलं नाटक, आणि फसणारे ते. संध्याकाळी हे लोक जातील, आम्ही आठवून आठवून हसू, असंच माझ्या मनात होतं.

जेवणाआधी मुलाखत ठेवली होती. आईला खाटेवर बसवलं. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर समितीचे तिघं आणि सर बसले. मी आईशेजारी उभी राहिले. बाकी माणसं भोवती जमिनीवर बसली होती. मेनन बाई पुढे वाकून म्हणाल्या,

“अम्मा, सर के आने से पहले, गाँव में लोग एक-दूसरे के घर काम करने आते थे क्या?”

हा प्रश्न स्लाइडमध्ये नव्हता. सत्तावीस वर्षांत तो कोणी विचारला नव्हता. सरांचं हसू होतं तिथेच राहिलं, पण त्यांनी खिशातलं पेन काढून उगीच टोपण उघडलं आणि लावलं. मी प्रश्न आईला पावरीत सांगितला, जसाच्या तसा.

आईला आधी प्रश्नच पटेना. “हिच्या गावात येत नाहीत का?” तिने मला विचारलं. आवाजात खरी काळजी होती. “मग हिचं छप्पर कोण घालतं?” मग ती बाईंकडे वळून सावकाश बोलू लागली. “मी लग्न होऊन आले तेव्हा लाह होती. माझ्या सासूच्या सासूच्या वेळी होती. नवरा गेला तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हतं, तरी माणसं आली, कारण तो असताना तो सगळ्यांकडे गेला होता. हा माणूस त्या दिवशी जेवून गेला. वाईट नव्हता. तीन भाकरी खाल्ल्या. पण पुढे कोणाच्या लाहला आला नाही. त्याला सांग, कोणी राग धरलेला नाही, पण यायला पाहिजे होतं.”

आई थांबली. सगळे माझ्याकडे बघू लागले. समिती बघत होती, सर बघत होते. जमिनीवर बसलेली, माझ्यासाठी धड छप्पर उतरवून घातलेली तीस घरंही बघत होती. माझ्या अकरा पानांच्या निबंधाला हवा होता तो संदर्भ एका मूल्यांकन समितीच्या अध्यक्षांसमोर, साक्षीदारांसह, उघड्या तोंडाने बोलून झाला होता. मी फक्त तो हिंदीत सांगायचा होता.

“वो कहती हैं,” मी म्हणाले, “पहले ऐसा कुछ नहीं था। सर ने सिखाया।”

मेनन बाईंच्या कपाळावर आठी पडली. “इतना लंबा बोली। इतना ही मतलब है?”

“हमारी भाषा में शब्द ज़्यादा लगते हैं, मॅडम.”

हेही मीच म्हणाले. कोणी म्हणायला लावलं नव्हतं.

“अविकसित भाषाओं का लक्षण है,” सरांनी मदत केली.

आईला आता बाजारापुरती हिंदी-मराठी येते हे मला माहीत होतं. समितीपुरती येत असेल असं वाटलं नव्हतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी ते सोसलं असतं. ताप आलेल्या पोराकडे बघावं तसं तिने पाहिलं आणि मग ती बाईंकडे वळून मराठीत म्हणाली,

“बाई, पोरीची नोकरी आहे. ती सांगते तसं लिहा.”

“नौकरी?” मेनन बाईंनी तेवढा शब्द पकडला. “नौकरी के बारे में क्या बोल रही हैं?”

मी गळ्यातले चांदीचे दागिने सरळ करू लागले. दित्याकाका जमिनीवर बोटाने रेघ काढत होते.

“कह रही हैं,” सर म्हणाले, “इस प्रारूप की वजह से बेटी को नौकरी मिली। अब जो बेटी बताए, वही लिखिए।”

मेनन बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि मग वहीत बराच वेळ लिहीत राहिल्या. सरांनी माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली, एका दुभाष्याने दुसऱ्याला ओळख द्यावी तशी. तेव्हा मला कळलं की सरांना माहीत होतं. केव्हापासून ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित माझा निबंध वाचल्यापासून असेल, कदाचित त्या बुधवारपासूनच.

मग सगळे जेवायला बसले. मक्याच्या भाकरी होत्या आणि उडदाची डाळ. आई प्रत्येकाच्या पानाशी जाऊन वाढत होती. सरांना तिने आग्रह करून चौथी भाकरी वाढली. त्यांनी ती खाल्ली. गाड्या निघून गेल्यावर आम्ही आठवून आठवून हसलो नाही. माणसं भांडी विसळून आपापल्या घरी गेली. जाताना प्रत्येकाने नेहमीसारखं “येतो” म्हटलं.

महाविद्यालयाला वरची श्रेणी मिळाली. समितीच्या अहवालात उमरपाणीवर दीड पान होतं आणि त्यात ‘लाभार्थी मातेचे भावपूर्ण निवेदन’ असा उल्लेख होता. आता आईला प्रकाशनाचं वर्षही मिळालं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात शिपाई भिकनआबा धावत स्टाफरूममध्ये आले. “ताई, सायेब बलाई ऱ्हायनात,” ते अहिराणीत म्हणाले, “हासी ऱ्हायनात, भ्यानं काम नही.” सर खरंच हसत होते. त्यांनी माझ्या हातात कायम झाल्याचं पत्र दिलं आणि वर बक्षीस म्हणून ‘आदिवासी समुदाय आणि समाजकार्य’ हा पेपरही दिला. त्यांना दुसऱ्या आवृत्तीच्या कामामुळे वेळ नव्हता.

“आता तुमच्यात परिपक्वता आलीय,” ते म्हणाले. “पाठ्यपुस्तक तेच ठेवा. मुलांना सवय आहे.”

मी “हो” म्हटलं. आभारही मानले.

जुलैच्या पहिल्या रविवारी पत्र घेऊन घरी गेले. तोवर मका गुडघ्याएवढा वाढला होता आणि गवत त्याहून जोरात. आई चुलीपाशी बसली होती. तिचा उजवा गुडघा सुजलेला होता, त्यावर तिने एरंडाचं पान बांधलं होतं.

“पक्की झाली?”

“झाली.”

तिने हात पुसून पत्र घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, घडी होती तशीच घातली आणि पत्र्याच्या पेटीत साडीखाली ठेवलं. “बरं झालं,” ती म्हणाली. “सगळ्यांना सांगून येते. विचारत असतात.” तिचा चेहरा खरंच उजळला होता. त्यात टोमणा नव्हता, मी शोधला तरी सापडला नाही.

सांगून आल्यावर ती माझ्याजवळ बसली. “उद्या दित्याकडे निंदणीची लाह आहे,” ती म्हणाली. “त्याचा पोरगा गुजरातला गेलाय, शेत गवताने भरलंय. आज राहा. ते सगळे तुझ्यासाठी आले होते ना, आता तुला जायला लागेल. ती लाह घरासाठी असती तर मी एकटी गेले असते.”

“उद्या तास आहे, आई.”

“एक दिवस सांग की येत नाही.”

“पहिलाच तास आहे ह्या विषयाचा. सर वर्गात येऊन बसणार आहेत. चुकवता येणार नाही.”

“कसला विषय?”

तिच्याशी खोटं बोलायला आता मला हिंदीही पुरली नसती. “लाह,” मी म्हटलं. “म्हणजे, माणसं एकमेकांच्या कामाला कशी जातात ते शिकवायचं.”

ती हसेल असं मला वाटलं. हसली असती तर बरं झालं असतं. तिने गुडघ्यावरचं पान नीट केलं आणि आढ्याला अडकवलेलं खुरपं काढून त्याच्या धारेवरून अंगठा फिरवला.

“बरं,” ती म्हणाली. “मग तुझी पात मी धरते. माझी आणि तुझी, दोन्ही. तू पहाटेच्या जीपने जा.”

निंदताना ज्याने त्याने आपली ओळ धरायची असते. तिलाच आम्ही पात म्हणतो. उरलेल्या पातीवरून कोण आलं नाही ते दिसतं. दित्याकाकांच्या शेतात त्या दिवशी एकही पात उरली नाही. पाड्यावर तीस घरं होती. दोन पावसाळे आणि मधला एक उन्हाळा लागला, पण आई प्रत्येक घराच्या लाहला माझ्या नावाने जाऊन आली. मला दर वेळी तास होता.